वार्ताहर, धमकी आणि अदखलपात्र नोंद

6 फेब्रुवारी 2023 रोजी सकाळी ‘महानगरी टाइम्स’मध्ये शशिकांत वारिशे यांची एक बातमी छापून आली. ती एका फलकाबद्दल होती. त्या फलकावर पंतप्रधान, मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्र्यांच्या शेजारी एका स्थानिक माणसाचे छायाचित्र होते. या माणसावर गुन्हे दाखल होते, तो जमिनीचे व्यवहार करत असे आणि बारसूच्या प्रस्तावित रिफायनरीचा समर्थक होता. त्याच दिवशी दुपारी राजापूरजवळ, मुंबई-गोवा महामार्गावर कोदवलीच्या पेट्रोल पंपापाशी एका मोटारीने वारिशे यांच्या दुचाकीला धडक देऊन त्यांना फरफटत नेले. दुसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. ते 48 वर्षांचे होते. या प्रकरणात अटक झाली ती बातमीतल्याच माणसाला.

सुरुवातीला सदोष मनुष्यवधाचे कलम लागले. राज्यभरातले पत्रकार रस्त्यावर उतरले, तेव्हा खुनाचे कलम लावून विशेष तपास पथक नेमण्यात आले. सरकारने कुटुंबाला 25 लाख रुपयांची मदत जाहीर केली. हे सगळे घडले ते पत्रकारांसाठी वेगळा संरक्षण कायदा असलेल्या राज्यात.

हा कायदा काही सहजासहजी मिळालेला नाही. पत्रकार हल्ला विरोधी कृती समितीने एस. एम. देशमुख यांच्या पुढाकाराने त्यासाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढले, निवेदने दिली. जून 2011 मध्ये पवईत ‘मिड-डे’चे ज्येष्ठ गुन्हे पत्रकार ज्योतिर्मय डे यांची गोळ्या घालून हत्या झाली आणि या मागणीला धार आली. एप्रिल 2017 मध्ये विधिमंडळाने विधेयक मंजूर केले आणि 2019 मध्ये त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. असा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. कर्तव्य बजावणाऱ्या पत्रकारावर हल्ला केला तर तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. तपास पोलीस उपअधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडेच. शिवाय नुकसानभरपाई आणि उपचारांचा खर्च हल्लेखोराकडून.

कागदावर ही तरतूद दमदार आहे. प्रश्न आहे तो या कायद्याच्या छत्राखाली नेमके कोण येते याचा. पत्रकारिता हा ज्याचा मुख्य व्यवसाय आहे आणि जो एखाद्या माध्यम संस्थेत नियमित किंवा कंत्राटी नोकरीला आहे, तो या कायद्यातला पत्रकार. मुंबई-पुण्यातला उपसंपादक या व्याख्येत चपखल बसतो. तालुक्याचा वार्ताहर बसतो का?

त्याचा दिवस जवळून पाहावा. सकाळी झेरॉक्सचे दुकान उघडायचे, नाहीतर शेतावर चक्कर टाकायची. मग तहसील, पंचायत समिती, पोलीस ठाणे. दुपारी मोबाइलवर बातमी टाइप करून जिल्हा कार्यालयाला पाठवायची. नेमणूकपत्र बहुतेकांकडे नसते, असते ते ओळखपत्र. मानधन नाममात्र. खरी मिळकत जाहिरातीच्या कमिशनची, म्हणजे वाढदिवसाच्या शुभेच्छा, दिवाळी पुरवणी, निवडणुकीतले आवाहन. या जाहिराती देणारा कोण? वाळूचा ठेकेदार, जमिनीचा दलाल, गावचा पुढारी. ज्याच्याविरुद्ध बातमी लिहायची, त्याच्याच दारात महिनाभराने पानभर जाहिरात मागायला जावे लागते. अशाही परिस्थितीत जो माणूस बातमी लिहितो, त्याच्या हिमतीचे मोल महानगरात बसून कळणे अवघड आहे.

बातमी छापून आली की फोन येतो. तो अनोळखी नंबरवरून येत नाही, ओळखीच्या माणसाचा असतो. ‘भाऊ, जरा सांभाळून’ अशी सुरुवात होते आणि ‘बघून घेतो’वर संभाषण संपते. बोलणाऱ्याला वार्ताहराचे घर माहीत असते, मुले कोणत्या शाळेत जातात तेही माहीत असते. वार्ताहर ठाण्यात जातो. तिथे शिवीगाळ आणि धमकी म्हणून अदखलपात्र गुन्हा नोंदवला जातो आणि एनसीचा कागद त्याच्या हातात पडतो. अदखलपात्र गुन्ह्यात न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही, म्हणजे बहुतेक वेळा प्रकरण तिथेच थांबते. कधीकधी तर दुसऱ्या बाजूने वार्ताहरावरच खंडणीची तक्रार दाखल होते. संरक्षण कायद्याचा सगळा भर हिंसा आणि मालमत्तेचे नुकसान यांवर आहे. तो जागा होतो तोवर माणूस रुग्णालयात पोचलेला असतो.

असाच धोका छत्तीसगडमध्येही दिसला. बिजापूरचे पत्रकार मुकेश चंद्राकर यांच्या रस्त्याच्या कामातल्या भ्रष्टाचारावरच्या वार्तांकनानंतर जानेवारी 2025 मध्ये त्यांचा मृतदेह एका ठेकेदाराच्या आवारातल्या सेप्टिक टाकीत सापडला. जमीन, वाळू, रस्ते, खाणी ही धोक्याची खरी क्षेत्रे आहेत, आणि ती कव्हर करणारा माणूस बहुधा एकटा असतो.

हे एकटेपण मोडण्याचा एक मार्ग अमेरिकेतल्या पत्रकारांनी दाखवला. जून 1976 मध्ये फिनिक्स शहरात डॉन बोल्स या बातमीदाराच्या गाडीखाली बॉम्ब लावण्यात आला आणि त्यात जबर जखमी होऊन ते वारले. त्यानंतर देशभरातल्या वेगवेगळ्या वृत्तपत्रांचे बातमीदार ॲरिझोनात जमले. खुनाचा तपास त्यांनी पोलिसांवर सोडला आणि जमिनीचे घोटाळे व संघटित गुन्हेगारी, म्हणजे बोल्स ज्या मुलखाचा माग काढत होते, त्यावर काम करून 1977 मध्ये लेखमाला छापली. ऑक्टोबर 2017 मध्ये माल्टात पत्रकार डॅफ्ने कारुआना गलिझिया यांची गाडी बॉम्बने उडवली गेली, तेव्हाही अनेक देशांच्या वृत्तसंस्थांनी त्यांची अपुरी कामे पुढे नेली. एका बातमीदाराला मारून बातमी थांबत नाही हे दिसले, तर मारण्यातला मतलबच उरत नाही.

हे तालुका पातळीवरही करता येईल, आणि त्याला फारसा पैसाही लागत नाही. एका वार्ताहराला धमकी आली की तीच बातमी तालुक्यातल्या सगळ्या वृत्तपत्रांनी दुसऱ्या दिवशी एकत्र छापावी. नोकरीच्या अटीत अडकलेली पत्रकाराची व्याख्या बदलून घ्यावी. मालकांनी आपल्या वार्ताहराला किमान नेमणूकपत्र आणि विमा द्यावा, आणि ठाण्यात जाताना जिल्हा कार्यालयातले कोणीतरी त्याच्यासोबत असावे.

बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 रोजी ‘दर्पण’ काढले, म्हणून महाराष्ट्र त्या दिवशी पत्रकार दिन पाळतो. तालुक्यातालुक्यांत सत्कार होतात, आणि व्यासपीठावर तहसीलदार आणि पोलीस निरीक्षक पाहुणे म्हणून असतात. वर्षभरात कोणत्या वार्ताहराला कोणी धमकावले, एनसी कधी झाली आणि पुढे काय केले गेले, याची लेखी यादी पत्रकार संघाने त्याच कार्यक्रमात वाचून दाखवावी आणि त्या पाहुण्यांकडून तिची पोच घ्यावी.