चुकलेला चेंडू कुणाचा?

(महाविद्यालयांतून मुलींबरोबर काम करणाऱ्या शिक्षिका व कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'स्त्रिया आणि खेळ' असा विषय मला दिला होता. एवढा मोठा विषय मला पेलणारा नाही. मी एका महाविद्यालयात मुलींच्या बास्केटबॉल संघाला शिकवते आणि सध्या आमच्यापुढे एकच काम आहे: पुढच्या मोसमापर्यंत संघाचं रिबाउंडिंग सुधारायचं. मी त्याबद्दलच बोलणार आहे. इथे बसलेल्या अनेकजणींनी बास्केटबॉल कधी खेळलेला नसेल. तरी ऐका, कारण त्यात आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं बरंच काही आहे.

रिबाउंड म्हणजे काय? कुणीतरी बास्केटवर नेम धरून चेंडू मारते. नेम चुकतो. चेंडू रिंगला नाहीतर बोर्डाला आपटून परत येतो. त्या क्षणी तो कुणाचाच नसतो. जी धरेल तिचा. आता बहुतेक संघांचे निम्म्याहून जास्त नेम चुकतातच, आपल्या महाविद्यालयीन पातळीवर तर फारच. म्हणजे एका सामन्यात कितीतरी वेळा चेंडू असा बेवारशी होतो. गेल्या मोसमात आम्ही हरलो ते नेमबाजीत कमी पडलो म्हणून नव्हे. समोरच्या मुलींचा नेम चुकायचा, चेंडू परत त्यांच्याच हाती जायचा आणि त्या दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा मारायच्या. शेवटी एकदा जातोच की तो आत!

हरल्यावर सगळ्यांनी एकच कारण सांगितलं: "तुमच्या मुली ठेंगण्या आहेत हो." हे कारण फार सोयीचं आहे. उंची काही वाढवता येत नाही, तेव्हा करण्यासारखं काहीच उरत नाही. पण ते खरं आहे का, हे आम्ही तपासायचं ठरवलं. पहिल्या वर्षाच्या दोन मुलींना वही दिली आणि सराव सामन्यांत प्रत्येक चुकलेल्या नेमाची नोंद करायला सांगितलं. चेंडू कुणी धरला, आपल्या मुली त्या वेळी कुठे होत्या आणि कुठे बघत होत्या, एवढंच लिहायचं.

इथे एक हिशेब समजून घ्या. नुसते रिबाउंड मोजून उपयोग नसतो. समजा, एका सामन्यात समोरच्यांचे ४० नेम चुकले आणि त्यातले २५ चेंडू आपण धरले. दुसऱ्या सामन्यात ३० चुकले आणि २२ धरले. आकडा पहिल्या सामन्यात मोठा दिसतो, पण तिथे आपण शंभरातले बासष्ट-त्रेसष्ट धरले आणि दुसऱ्या सामन्यात त्र्याहत्तर. दुसऱ्या दिवशीच आपण चांगलं खेळलो. वाटा मोजायचा, ढीग नव्हे.

वहीतून जे निघालं ते असं: आमच्या मुली उडी कमी मारतात म्हणून चेंडू गमावत नव्हत्या. नेम मारला गेला, की त्या मान वर करून चेंडूकडे बघत उभ्या राहायच्या. तेवढ्यात समोरची मुलगी त्यांच्या पुढे येऊन जागा घ्यायची. चेंडू खाली येईपर्यंत निकाल लागलेला असायचा.

रिंग ३.०५ मीटर उंचीवर असते. पण चुकलेला चेंडू बहुतेक वेळा रिंगच्या बराच खाली आल्यावर हाती लागतो. तेव्हा आधी जागा आणि मग उडी. अमेरिकेतल्या पुरुषांच्या व्यावसायिक लीगमध्ये डेनिस रॉडमन नावाचा खेळाडू होता. आपल्याला तो ताडमाड वाटेल, पण तिथल्या उंच सेंटर खेळाडूंच्या मानाने तो बुटकाच. १९९१-९२ पासून १९९७-९८ पर्यंत ओळीने सात मोसम रिबाउंडमध्ये तो लीगमध्ये पहिला होता. आपल्या सोबत्यांचे नेम तो नुसता उभा राहून बघत असे: कुणाचा चेंडू हवेत कसा फिरतो, चुकला तर कुठे पडतो. हा अभ्यास होता आणि अभ्यास ठेंगण्या मुलीलाही करता येतो.

आता मुख्य गोष्ट. रिबाउंडचं तंत्र, ज्याला 'बॉक्स-आउट' म्हणतात, ते सोपं आहे. नेम सुटला की चेंडूकडे बघायचं नाही. आधी आपल्या वाट्याची प्रतिस्पर्धी शोधायची, तिला हाताच्या मागच्या बाजूने हलकेच अंदाजायचं, वळून आपली पाठ तिच्याकडे करायची, पाय फाकवायचे, गुडघे वाकवायचे, कंबर खाली आणि हात वर. तिला पाठीवर थोपवून धरायचं. मग चेंडूकडे जायचं आणि दोन्ही हातांनी तो ओढून हनुवटीखाली घ्यायचा.

हे शिकवायला पंधरा मिनिटं लागतात. करवून घ्यायला मात्र महिने लागतात, कारण मुली अंग चोरतात. कामाला नव्हे, मरेस्तोवर धावतात बिचाऱ्या. पण दुसरीच्या अंगाला अंग लागलं की झटकन मागे सरतात आणि "सॉरी" म्हणतात. समोरचीने जागा घेतली की बाजूला होतात. कुठून शिकल्या हे? बसमध्ये, रस्त्यावर, घराच्या ओसरीवर. पाय जुळवून बस, कडेने चाल, कुणाला धक्का लागू देऊ नकोस. अठरा वर्षं हेच ऐकलेल्या मुलीला मी एका संध्याकाळी सांगते, की पाय फाकव आणि जागा अडव. तिचं शरीर ऐकत नाही, यात तिचा काय दोष?

आणि हे काही आपल्याकडचंच नाही. जेम्स नेस्मिथने हा खेळ १८९१ साली अमेरिकेत काढला. पुढच्याच वर्षी स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो मुलींना शिकवला. तिने मुलींना मैदानावर आणलं, हे तिचं थोर काम. पण मुलींसाठी नियम बदलले. कोर्टाचे तीन भाग पाडले आणि आपला भाग ओलांडायला बंदी केली. दुसरीच्या हातातून चेंडू हिसकावून घ्यायलाही बंदी. मुलींनी झोंबाझोंबी करू नये, ते शोभत नाही, हा त्या काळचा विचार. वेगळ्या नियमांचा हा वारसा फार काळ टिकला. आयोवा राज्यातल्या शाळांमध्ये मुलींचा अर्ध्या कोर्टावरचा, सहा जणींचा खेळ १९९३ पर्यंत चालू होता. ऑलिंपिकमध्ये पुरुषांचा बास्केटबॉल १९३६ साली आला, बायकांचा १९७६ साली.

आजचे नियम मात्र आपल्या बाजूचे आहेत. मी ते मुलींना वाचून दाखवते. नियमाने मोकळ्या जागी जी आधी पोचली, तिची ती जागा आणि त्या जागेवरची हवाही तिचीच. मागून ढकलेल तिचा फाउल. म्हणजे आपल्या जागेवर ठाम उभं राहणं ही दांडगाई नाही, तो हक्क आहे. हे नियमपुस्तकात छापलेलं आहे म्हटल्यावर मुलींच्या चेहऱ्यावर जो भाव येतो, तो बघण्यासारखा असतो.

पुढच्या मोसमासाठी आम्ही काय करतो आहोत, ते थोडक्यात सांगते. रोज वीस मिनिटं फक्त रिबाउंड. पहिला सराव वर्तुळाचा: मधोमध चेंडू ठेवायचा, एकीने तो राखायचा आणि दुसरीला पाच सेकंद पाठीवर थोपवायचं. हात लावायचा नाही, "सॉरी" म्हणायचं नाही. दुसरा अंदाजाचा: कोपऱ्यातून मारलेला चेंडू चुकला तर तो बहुधा पलीकडच्या बाजूला जातो आणि लांबून मारलेला लांब उडतो. म्हणून नेम सुटताच प्रत्येकीने "इकडे" किंवा "तिकडे" ओरडून सांगायचं. तिसरं, आपला नेम असेल तेव्हा तिघींनी रिबाउंडला जायचं आणि दोघींनी मागे राहायचं. कोण जाणार ते आधी ठरलेलं.

चौथा सराव जमिनीवर उतरण्याचा. दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून, आत न झुकवता. गुडघ्यात 'एसीएल' नावाचा अस्थिबंध असतो. बास्केटबॉलसारख्या खेळात तो तुटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांच्या दुपटीहून अधिक आहे. नीट उतरायचं शिकवलं आणि मांड्यांची ताकद वाढवली तर हा धोका कमी होतो. हा सराव मी कधीच वगळू देत नाही.

पण वहीने आणखी दोन गोष्टी दाखवल्या, त्या सरावाने सुटणाऱ्या नव्हत्या. एक म्हणजे, काहीजणी एकाच हाताने चेंडू धरायला जायच्या. दुसरा हात टी-शर्ट खाली ओढत असायचा! हात वर केला की पोट दिसतं आणि प्रेक्षकांत मुलं बसलेली. शिवाय खेळासाठीची घट्ट ब्रा एखाद-दुसरीकडेच होती. यावर उपदेश करून काय होणार? आम्ही वर्गणी काढून ब्रा घेतल्या, टी-शर्ट चार बोटं लांब शिवून घेतले. दुसरा हात आपोआप वर आला.

दुसरी गोष्ट म्हणजे चौथ्या डावात मुलींचे पाय उचलत नव्हते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी देशात ५७ टक्के आणि महाराष्ट्रात ५४ टक्के जणींना रक्तक्षय आढळला. माझा संघ काही त्या आकड्यांच्या बाहेर राहत नाही. आम्ही सगळ्यांचं हिमोग्लोबिन तपासून घेतलं आणि कमी असलेल्यांना डॉक्टरांकडे नेलं. सरावानंतर उकडलेली अंडी, नाहीतर गूळ-शेंगदाणे आणि केळी ठेवतो. एका मुलीच्या आईला मी विचारलं, "घरी शेवटी कोण जेवतं?" ती म्हणाली, "मी आणि ही." मुलगी रात्री काय जेवते, याचा तिच्या उडीशी संबंध आहे, हे त्या माउलीला मला वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

आता शेवटचं आणि खरं अडलेलं काम. आमच्याकडे कोर्ट एकच. संध्याकाळची वेळ वर्षानुवर्षं मुलांची आणि मुलींना दुपारी तीनचं ऊन. संध्याकाळी उशीर झाला तर मुलींना घरी कोण सोडणार, हे त्याचं कारण म्हणून सांगितलं जायचं. मुलींनी स्वतः अर्ज लिहिला. तीन दिवस पाच ते साडेसहा द्या, आम्ही गटागटाने घरी जाऊ, असं त्यात लिहून खाली सगळ्यांनी सह्या केल्या. पुष्कळ टोलवाटोलवीनंतर परवानगी मिळाली, पण एका सत्रापुरती, "निकाल बघून" पुढचं ठरवू अशा शर्तीवर. मुलांच्या संघाला अशी शर्त कधी घातल्याचं मला आठवत नाही.

म्हणून हे रिबाउंड आम्हांला महत्त्वाचे आहेत. या मोसमात हरलो तर ते कोर्ट जाईल आणि कोर्टाबरोबर तीन-चार मुलीही जातील. कारण घरचे वाटच बघताहेत. "खेळून काय मिळालं?" हा प्रश्न तयार आहे. मला मात्र वाटतं की जिंकलो तरच कोर्ट मिळावं, हे मुळात मान्य करता कामा नये. खेळायला जागा मिळणं हे बक्षीस नव्हे.

तुमच्यापैकी अनेकजणी महाविद्यालयांच्या समित्यांवर आहात. तुम्हांला एकच विनंती. परत गेल्यावर आपल्या मैदानाचं वेळापत्रक मागवून घ्या. कुठल्या वेळेला कोण खेळतं ते एका कागदावर मांडा आणि पुढच्या बैठकीत तो कागद टेबलावर ठेवा. तिथेही आपला वाटाच मोजायचा आहे. मोजल्याशिवाय काही कळत नाही, हे आम्हांला त्या दोन मुलींच्या वहीने शिकवलं. आणि आमचा सामना तुमच्या गावात असेल तेव्हा बघायला या. गॅलरीत बायका बसलेल्या असल्या की मुली हात जरा जास्तच वर करतात.