तीन बोटांचं अंतर

सुरुवातीलाच एक विनंती. हाताची मधली तीन बोटं जुळवा आणि उभी धरून समोरच्या दातांमध्ये घालून पाहा. सहज गेली ना? सहा वर्षांपूर्वी माझ्या तोंडात जेमतेम एक बोट जात होतं.

मी वसईतल्या सांडोरचा. वाडीत केळी, पानवेली, कडेला पोफळी. जेवण झालं की सुपारीचं खांड तोंडात टाकायचं, ही घरचीच रीत. पुढे नोकरीसाठी विरार लोकलचा प्रवास सुरू झाला आणि खांडाच्या जागी पुडी आली. तंबाखूला मात्र मी कधी शिवलो नाही, याचा मला अभिमान होता.

आधी तिखट झोंबू लागलं. मग जांभई अर्ध्यावर अडू लागली. अक्कलदाढ असेल म्हणून गोळ्या घेत राहिलो. रविवारच्या मिस्सेत मी वाचन करायचो, तिथे 'ळ' अडखळू लागला. 'ळ' म्हणायचा तर जिभेचं टोक वर वळून टाळूला लागावं लागतं. माझी जीभ तिथवर पोहोचेना. राजेळी केळं धड म्हणता येईना, धड खाताही येईना! शेवटी दातांच्या डॉक्टरीणबाईंनी गालाच्या आतून बोट फिरवलं आणि विचारलं, "सुपारी किती वर्षं खाताय?"

या आजाराला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. १९५२ साली श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतल्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये त्याची नोंद केली. सुपारीतल्या अरेकोलीन या द्रव्यामुळे तोंडाच्या अस्तराखाली चिवट तंतू साठत जातात. गाल पांढुरके आणि ताठर होतात, जबडा आवळतो, जीभ आखडते. यातल्या काहींना पुढे कॅन्सर होतो. तंबाखूविना, नुसती सुपारीही कॅन्सरकारक आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००३ साली जाहीर केलं. आपल्या राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. पण साधी सुपारी आजही आपल्याला निरुपद्रवीच वाटते.

औषधं झाली, इंजेक्शनंही झाली. पण डॉक्टरांनी बजावलं, "सुपारी बंद आणि व्यायाम रोज. यातलं एक सुटलं तर दुसऱ्याचा उपयोग नाही." आइस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या, ताण सोसेल तेवढाच. मग जीभ बाहेर काढायची, उजवीकडे, डावीकडे, आणि शेवटी टोक टाळूला लावून हळूहळू तोंड उघडायचं. सुरुवात नऊ काड्यांवर झाली. दहावी काडी बसायला तीन आठवडे लागले. आज चौदा बसतात. गाल पूर्वीसारखे झालेले नाहीत, होणारही नाहीत. तपासणीही चुकवून चालत नाही. पण घास नीट जातो आणि 'ळ' परत आला आहे.

माझा भाचा कॉलेजात आहे. जीभ टाळूला चिकटवून ठेवली की जबडा रेखीव होतो, असं त्याने मोबाइलवर पाहिलंय. जॉन म्यू या ब्रिटिश दंतवैद्यांच्या नावावरून त्याला 'म्यूइंग' म्हणतात. ओठ मिटलेले, जीभ टाळूला, श्वास नाकाने, ही विसाव्याची स्थिती चांगलीच. पण त्याने मोठ्या माणसाचं हाड बदलतं, याला भक्कम पुरावा नाही. तरी सकाळी आम्ही दोघं आरशासमोर उभे असतो, तो रूपासाठी आणि मी घासासाठी.

परवा त्याच्या शर्टाच्या खिशात सुपारीची पुडी दिसली. मी रागावलो नाही. म्हटलं, "बाळा, तीन बोटं घालून दाखव." सहज गेली. मग मी माझं तोंड उघडून दाखवलं. दोन बोटं आत गेली, तिसरं बाहेरच राहिलं. त्याने पुडी माझ्या हातात दिली.

श्रोतेहो, घरातल्या मुलांची तीन बोटं जाताहेत ना, आज रात्री जेवणानंतर एकदा पाहाच.