गावचा रस्ता : धोका आधी ओळखा, काम टिकवा



पेरणीआधी आपण बियाण्याची उगवण तपासतो, पाऊस लांबला तर काय याचाही विचार करतो. मग पाणंद रस्त्याचं काम निघालं की सारं कंत्राटदारावर सोडून कसं चालेल? रस्ता खचला तर तोडलेला ऊस फडातच अडतो आणि अडलेली बाई दवाखान्यापर्यंत पोचत नाही.

पहिला धोका काळ्या मातीचा. ती पाण्यानं फुगते, उन्हानं भेगाळते. तिच्यावर थेट खडी पसरली तर ती चिखलात रुतते. म्हणून आधी कठीण मुरूम हवा. तोही एकदम ओतू नये. १५ ते २० सेंटीमीटरचा थर द्यावा, बेताचं पाणी मारावं, रोलर फिरवावा. तो घट्ट बसला की मगच पुढचा थर.

दुसरा धोका साचलेल्या पाण्याचा. ३ मीटर रुंदीचा मुरमी रस्ता कडांपेक्षा मधे सुमारे ६ सेंटीमीटर उंच असावा. दोन्ही अंगांना चर आणि ओघळ आडवा येतो तिथे नळाची मोरी हवी. पैसे संपले की नेमकी मोरीच राहून जाते. तेव्हा आधी मोरी, मग वरचा थर, असा क्रम ग्रामसभेत ठरवून घ्या.

तिसरा धोका हद्दीच्या वादाचा. मोजणी करून खुणा आधीच रोवा. पुढं चर बुजवून बांध सरकवू नका.

चौथा धोका झाकलेल्या कामाचा. वरचा थर पडला की खालचा दिसत नाही. म्हणून थर झाकण्याआधीच अभियंत्यासमोर दोन-तीन ठिकाणी लहान खड्डा घेऊन जाडी टेपनं मोजा, तारखेसह लिहून ठेवा आणि खड्डे पुन्हा ठोकून भरा. मोजमाप पुस्तिकेतला आकडा त्याच्याशी जुळतो का, ते बिल निघण्याआधी पाहा. अंदाजपत्रकाची नक्कल २००५च्या माहिती अधिकार कायद्यानं मागता येते. सन २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतल्या रस्त्याची पाच वर्षं देखभाल करणं हे कंत्राटदाराचं काम असतं. तिथं खड्डा दिसला तर लेखी कळवा, पोच घ्या.

आणि पहिल्या मोठ्या पावसात डोक्यावर इरलं घेऊन रस्त्यावरून एक फेरी मारा. पाणी जिथं थांबलेलं दिसेल, तिथं फावड्यानं त्याला लगेच वाट करून द्या.