टेप कोणाच्या हाती



सकाळपासून ‘क्षमताबांधणी’ हा शब्द या सभागृहात मी अकरा वेळा ऐकला. आपल्याकडे त्याचा अर्थ दोन दिवसांचे प्रशिक्षण, एक पिशवी, एक पेन, दुपारचे जेवण आणि शेवटी सगळ्यांचा एकत्र फोटो. असे फोटो माझ्याकडेही ढीगभर आहेत आणि बहुतेकांत मी मधल्या खुर्चीत बसलेली आहे. तेव्हा या दोषात मीही आले.

क्षमता खरी कोणाकडे असते ते सांगते. जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावर आंबा-काजूच्या वाडीत कार्बन क्रेडिटसाठी झाडांची मोजणी चालली होती. शहरातून आलेल्या एका मुलाने आंब्याच्या बुंध्याला टेप लावला. बांधावर उभी असलेली वाडीवाली म्हणाली, “तिथं गाठ आहे, भाऊ. जास्त भरेल.” बरोबर होते तिचे. घेर जमिनीपासून 1.37 मीटरवर, म्हणजे छातीइतक्या उंचीवर घ्यायचा आणि नेमकी तिथेच गाठ आली तर ती टाळायची, असा नियम आहे. तिला तो कोणी सांगितला नव्हता. झाड मात्र तिने लावले होते.

मग तिने हिशेब विचारला. झाडात 100 किलो कोरडे लाकूड धरले, तर त्यात साधारण निम्मा कार्बन, 50 किलो. त्याला 44 भागिले 12 ने गुणले की 183 किलो कार्बन डायऑक्साइड. क्रेडिट एक टनाचे, म्हणजे एका क्रेडिटला अशी साडेपाच झाडे. तिने बोटांवर मोजले आणि विचारले, “आणि सासऱ्यांनी लावलेली ती चार मोठी?” ती धरत नाहीत, मी म्हटले. पैशांच्या आशेशिवायही जे झालेच असते, त्याला क्रेडिट नाही; हीच ‘अतिरिक्तते’ची अट. “म्हणजे आधी शहाणपण केलं ते वाया?” या प्रश्नावर आपल्या एकाही पुस्तिकेत उत्तर नाही. मला वाटते, अतिरिक्ततेचा धडा तिथूनच सुरू व्हावा.

आपण क्रेडिटांच्या या बाजारात नवखे नाही. क्योटो कराराखालच्या प्रकल्पांना मंजुरी देणारे राष्ट्रीय प्राधिकरण 2003 मध्येच झाले. 2005 साली नोंदल्या गेलेल्या अगदी पहिल्या प्रकल्पांत गुजरातेतल्या रणजितनगरचा एक रसायन कारखाना होता. तिथला एचएफसी-23 वायू एक टन जाळला की 11,700 टन कार्बन डायऑक्साइड वाचवल्याचा हिशेब लागे. सल्लागारांना याहून सोपे काम कुठले मिळणार! पुढे 2013 मध्ये युरोपने अशा क्रेडिटांना दार बंद केले. त्याच 2005 मध्ये कर्नाटकातल्या बागेपल्लीचा 5,500 गोबर गॅस संयंत्रांचा प्रकल्पही नोंदला गेला होता. त्यामागे छोटे शेतकरी आणि शेतमजूर यांचा संघ होता. आपण शिकायला या दोघांपैकी कुठे गेलो, हे सांगायला नको.

भावही आपण पाहिला आहे. 2008 मध्ये वीस युरोच्या आसपास असलेले क्रेडिट 2012 च्या अखेरीस एका युरोच्याही खाली आले.

आता 2023 च्या अधिसूचनेने देशाचा स्वतःचा कार्बन बाजार उभा राहतो आहे. आनंद आहे. पण 2024 च्या सुरुवातीला सुधारित चुलींच्या क्रेडिटांवरचा एक अभ्यास आला. तपासलेल्या प्रकल्पांनी खऱ्या बचतीच्या नऊ पटींहून अधिक क्रेडिटे घेतल्याचा त्याचा निष्कर्ष. मला धक्का बसला नाही. पाहुण्याने “चूल वापरता ना?” विचारले की घरातली बाई “हो” म्हणते. नवी चूल पोत्याखाली असते आणि जुनीची राख अजून गरम असते. हे कळायला गावातलेच माणूस हवे.

आणि सातबारा? झाडे लावते बाई. उताऱ्यावर तीन दीर आणि नवरा, त्यातला एक दीर मुंबईला. वीस-तीस वर्षांच्या कार्बन करारावर सही कोणाची, पैसे कोणाच्या खात्यात? परदेशी नियमावलीत तलाठी नाही, फेरफार नाही. हे आपल्यालाच लिहावे लागेल, आणि मराठीत. इंग्रजी करारावर अंगठा घेऊन ‘समजावून सांगितले’ असा शेरा मारणारे कागद मी पाहिले आहेत. एका कागदावर साक्षीदार म्हणून माझीच सही आहे.

माझी मागणी छोटी आहे. प्रत्येक प्रकल्पात मोजणीचे मानधन गावातल्या मुलामुलींना मिळावे, नोंदवही गावात राहावी आणि तपासनिसाने ती आधी उघडावी. पडताळणीचा खर्च एकट्यादुकट्या गावाला झेपत नाही, म्हणून पाच-दहा गावांनी एकत्र यावे; दूध संस्था चालवणाऱ्या माणसांना हे शिकवावे लागणार नाही.

जेवणाची वेळ झाली. बाहेर आवारात एक आंबा आहे, त्याच्या फांदीला टेप अडकवून ठेवला आहे. जेवणाआधी प्रत्येकाने त्याचा घेर मोजावा आणि आकडा चिठ्ठीवर लिहून दाराशी ठेवलेल्या डब्यात टाकावा. गाठ कुठे आहे ते मी सांगणार नाही. दुपारच्या सत्रात चिठ्ठ्या उघडू.