अंगठ्याची रेस की मुठीची? एटीव्हीचा थ्रॉटल बदलण्याआधी हे ऐका

आजचा भाग जरा गॅरेजमधला आहे. विषय एकच, एटीव्हीची रेस.

अलिबाग-नागावच्या किनाऱ्यावर किंवा लोणावळ्याला तुमच्यापैकी बरेच जण त्या चार जाड चाकांच्या गाडीवर बसले असतील. बसल्याबसल्या एक फरक कळतो. बाइकसारखी मूठ पिळून रेस मिळत नाही. उजव्या मुठीला लागून एक छोटा लिव्हर असतो, तो अंगठ्याने दाबायचा. दहा मिनिटांच्या राइडला काही वाटत नाही. पण तास-दोन तास चालवा, अंगठ्याच्या बुडाशी कळ यायला लागते. शेतावर, फार्महाऊसवर ज्यांच्याकडे स्वतःची गाडी आहे, त्यांच्या डोक्यात मग एकच विचार येतो, ‘हे काढून बाइकची मूठ बसवू या की!’

बसवता येते. त्याचे तयार किटही मिळतात. पण आधी हे बघू या की कंपनीने मूठ सोडून अंगठा का दिला असेल. पैसे वाचवायला नक्कीच नाही.

असं समजा, तुम्ही चढ चढताय. पुढची चाकं उचलली गेली आणि तुम्ही सीटवर मागे घसरलात. अशा वेळी माणूस काय करतो? हँडल घट्ट धरून लोंबकळतो. मुठीची रेस असेल, तर तेव्हा मनगट खाली जातं आणि मूठ आपोआप पिळली जाते. म्हणजे रेस कमी व्हायला हवी, नेमकी तेव्हाच वाढते. गाडी आणखी उचलते आणि उलटून थेट तुमच्या अंगावर येते. एटीव्हीचं वजन दीडशे-दोनशे किलो, मोठ्या गाड्यांचं त्याहून जास्त. अंगठ्याच्या रेसमध्ये चार बोटं हँडल धरून ठेवतात आणि अंगठा मोकळा राहतो. तो सुटला की स्प्रिंग रेस बंद करते.

दुसरं कारण वळणाचं. बाइक आपण झुकवून वळवतो. एटीव्हीचं हँडल मात्र खरोखर फिरवावं लागतं. डावीकडे पूर्ण वळवलं की उजवा हात लांब ताणला जातो, उजवीकडे वळवलं की पोटाजवळ येतो. प्रत्येक वेळी मनगटाचा कोन बदलतो. मुठीची रेस असेल तर तो बदल थेट इंजिनपर्यंत पोहोचतो.

आता एक खरं उदाहरण. यामाहाची बॅन्शी ही एटीव्ही १९८७ साली अमेरिकेत आली. टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, दोन कार्ब्युरेटर, आणि पिकअप म्हणजे विचारू नका. तिच्यात एक सुरक्षा व्यवस्था होती. तुम्ही अंगठा सोडलाय, पण कार्ब्युरेटरची स्लाइड उघडीच अडकलीय, असं झालं तर ती इंजिनाचा जोर तोडायची. हे कळण्यासाठी एक स्विच अंगठ्याच्या लिव्हरमध्येच होता. म्हणजे मूठ बसवायला लिव्हर काढला की ती व्यवस्थाही गेली. मॉडिफिकेशनमध्ये असंच होतं. आपण एक पार्ट बदलतो आणि त्याच्यासोबत दुसरं काय गेलं ते लक्षातच येत नाही.

मग अंगठा दुखतोय त्याचं काय? आधी स्वस्तातले उपाय करा.

एक, केबल. किनाऱ्यावरची वाळू आणि खारं पाणी केबलमध्ये गेलं की लिव्हर जड होतो. केबल साफ करून केबल ल्यूब घाला. कुठे मुरगळली असेल तर सरळ बदला.

दोन, लिव्हरचा कोन. स्क्रू सैल करून लिव्हर थोडा वर-खाली फिरवा आणि मनगट सरळ राहील तिथे घट्ट करा.

तीन, लांब लिव्हर. लांबी वाढली की जोर कमी लागतो, फक्त अंगठा जरा जास्त सरकवावा लागतो.

एक गोष्ट मात्र करू नका. रेस हलकी व्हावी म्हणून कार्ब्युरेटरची रिटर्न स्प्रिंग कापू नका किंवा मऊ टाकू नका. रेस बंद करते ती तीच स्प्रिंग.

एवढं करूनही मूठच हवी असेल, तर जुन्या केबलवर जुगाड नको. त्या मुठीला जुळणारी केबल घ्या. बसवल्यावर इंजिन बंद ठेवून हँडल डावीकडे, सरळ आणि उजवीकडे, तिन्ही जागी पूर्ण रेस देऊन सोडा. मूठ प्रत्येक वेळी ‘टक्’ करून जागेवर यायला हवी. मग न्यूट्रलमध्ये, पार्किंग ब्रेक लावून इंजिन चालू करा आणि हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. इंजिनाचा आवाज जराही चढला तर केबल ताणली जातेय. तशी गाडी बाहेर काढू नका. केबलला थोडा ढिलेपणा लागतोच. तो किती हवा, हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. आणि मनगटाला दोरी बांधायचा किल स्विच नक्की लावा. तुम्ही पडलात की दोरी निघते आणि इंजिन बंद होतं.

जाताजाता घरातल्या छोट्यांबद्दल. मुलांच्या एटीव्हीत थ्रॉटलच्या डबीवर एक छोटा स्क्रू आणि त्याला लॉकनट असतो. तो आत फिरवला की लिव्हर पूर्ण दाबलाच जात नाही, वेग मर्यादेत राहतो. ‘दादा, जरा पळव ना’ म्हणत मुलं मागे लागली, तरी तो स्क्रू मोठ्यांनीच, थोडाथोडा आणि मूल नीट ब्रेक मारायला शिकल्यावरच सोडायचा. मोठ्यांच्या एटीव्हीवर तर १६ वर्षांखालच्यांनी चालवू नये असं लेबलच असतं.

तर मंडळी, रेस किती पटकन मिळते याकडे सगळे बघतात. तुम्ही ती किती पटकन सुटते तेही बघा. तुमच्या गाडीत काही बदल केला असेल, तर खाली कॉमेंटमध्ये लिहा. भेटू पुढच्या भागात. हेल्मेट घाला!