हैदराबादचे वैमानिक : इद्रिस हसन लतीफ



शौर्य कशात असते, असे वर्गात विचारले की मुले म्हणतात, लढाईत. मग आम्ही एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ यांची हकीकत सांगतो. १९२३ साली ते आपल्याच हैदराबादेत जन्मले, निझाम कॉलेजात शिकले, १९४२ साली वायुदलात गेले व ब्रह्मदेशाच्या आघाडीवर हरिकेन विमानांतून लढले.

१९४७ साली वायुदलाची वाटणी झाली. असगर खान, नूर खान या सहकाऱ्यांनी त्यांना पाकिस्तानात बोलाविले. ते गेले नाहीत. १९६५ च्या युद्धात तेच नूर खान पलीकडच्या वायुदलाचे प्रमुख होते! १९७१ च्या युद्धात वायुदलाच्या मुख्यालयात योजनांचे काम लतीफांकडे होते. परम विशिष्ट सेवा पदकाचे ते मानकरी. १९७८ ते १९८१ ते वायुदलप्रमुख होते. १९८२ साली महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. २०१८ साली हैदराबादेतच निवर्तले.

एका मुसलमान विद्यार्थ्याने आम्हांस विचारले, "सर, आपल्याला निष्ठा पुन्हा पुन्हा का सिद्ध करावी लागते?"

आम्ही म्हणालो, "बेटा, लतीफसाहेबांनी निर्णय एकदाच घेतला. पुढे चौतीस वर्षे नुसते काम केले."

मुलाचे तेवढ्याने समाधान झाले नाही. त्याचा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. उत्तर आपणा सर्वांनाच द्यावयाचे आहे.