चिमुकल्या पावलांनी पाहिलेले ब्रूज

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



“प्रवासाबद्दल काहीतरी सांगा,” असा चिटणीसबाईंचा हुकूम झाला म्हणून मी उभी आहे. युरोपची प्रवासवर्णने आपण पुष्कळ ऐकली आणि वाचली आहेत. त्यांत आणखी एकीची भर घालण्याचा माझा विचार नाही. मी आज एका लहानशा प्रश्नापुरतेच बोलणार आहे.

२०२३ च्या एप्रिल महिन्यात लेक, जावई आणि दोन नातवंडे यांच्याबरोबर मी बेल्जियममधील ब्रूज या जुन्या शहरी चार दिवस राहून आले. थोरली नात सात वर्षांची, धाकटा नातू चार वर्षांचा. निघण्यापूर्वी आपल्यापैकी कितीतरी जणींनी विचारले होते, “इतक्या लहान मुलांना जुने शहर दाखवून काय उपयोग? त्यांना कळणार काय, आणि मोठेपणी आठवणार तरी काय?” प्रश्न अगदी रास्त आहे. पैसा लागतो, दगदग होते, आणि मूल रडू लागले की चारचौघांत आईचीच परीक्षा होते. तेव्हा त्या प्रश्नाचे उत्तर द्यावे, इतकाच माझा हेतू.

प्रथम गावाविषयी थोडे सांगते. ब्रुसेल्सहून आगगाडीने तासाभरात ब्रूज येते. तिथले लोक फ्लेमिश. ते आपल्या भाषेत गावाला ‘ब्रुखे’ म्हणतात. गावातून कालवे फिरतात, त्यांवर दगडी पूल, काठाला विटांची उंच निमुळत्या माथ्याची घरे. जुन्या गावाला २००० साली जागतिक वारशाचा मान मिळाला. समुद्र तिथून सुमारे १५ किलोमीटर दूर आहे. पण ११३४ च्या एका मोठ्या वादळात समुद्राचे पाणी आत घुसून ‘झ्विन’ नावाची खाडी तयार झाली, आणि तिच्या जोरावर ब्रूज व्यापाराला चढले. इंग्लंडची लोकर, इटलीचे सावकार, उत्तरेकडचे व्यापारी सगळे इथे एकत्र येत.

पहिल्याच दिवशी थोरलीने विचारले, “आजी, आपल्याकडे जुनी घरे पाडून नवी बांधतात. यांनी का नाही पाडली?” हा प्रश्न मी स्वतः होऊन विचारला नसता. उत्तर असे की पाडून बांधायला गावाजवळ पैसा उरला नाही! पंधराव्या शतकाच्या अखेरीस खाडी गाळाने भरत गेली, मोठी जहाजे येईनाशी झाली, व्यापार अँटवर्पला गेला. एकोणिसाव्या शतकात तर ब्रूज देशातल्या अतिदरिद्री शहरांपैकी एक होते. आज ज्याला आपण सौंदर्य म्हणून पाहतो, ते त्या गरिबीने राखलेले आहे. नंतर त्याच शतकात लोकांनी जुन्या धर्तीवर पुष्कळ डागडुजी केली, कित्येक दर्शनी भाग नव्याने उभारले. म्हणजे जुने म्हणून दिसणारे सगळेच जुने आहे असेही नाही. सात वर्षांच्या मुलीला हे समजले का? तिने एवढेच म्हटले, “म्हणजे नदी बुजली म्हणून घरे वाचली.” याहून थोडक्यात मला तरी सांगता आले नसते.

गावाच्या मोठ्या चौकात ८३ मीटर उंचीचा घंटेचा मनोरा आहे. वर जायला अरुंद चक्री जिना. पायऱ्या ३६६, म्हणजे लीप वर्षाच्या दिवसांइतक्या. लेक आणि थोरली वर गेल्या. धाकट्याला घेऊन मी खाली बसले. थोरली एकेका पायरीला दिवस मोजत चढली. दिवाळीला पोहोचेपर्यंत पाय दुखू लागले, असे तिने खाली आल्यावर सांगितले! वाटेत एक जुना खजिन्याचा कक्ष लागतो. त्यात पूर्वी शहराच्या सनदा लोखंडी दारांआड ठेवीत. कुलपे अनेक, आणि किल्ल्या वेगवेगळ्या माणसांकडे. सगळे जमल्याशिवाय दार उघडायचे नाही. आपल्या मंडळाच्या खजिनदारबाईंनी याची नोंद घ्यावी.

त्याहून वर एक प्रचंड धातूचे पिंप आहे. त्याला हजारो भोके आणि भोकांत खिळे. पिंप फिरले की खिळे तारा ओढतात आणि दर पाव तासाला घंटा आपोआप वाजू लागतात. घंटा ४७ आहेत. ठरलेल्या दिवशी गावाचा वादक वर बसून लाकडी दांड्यांवर मुठी आपटून त्या वाजवितो. आम्ही दोघे खाली चौकात बसलो होतो, तोच सूर सुरू झाले. धाकटा घास तोंडात तसाच ठेवून वर पाहत राहिला. ज्याला जेवताना एक क्षण स्वस्थ बसता येत नाही, तो पूर्ण गत संपेपर्यंत हलला नाही.

त्या संध्याकाळी घंटांचाच विषय चालला होता. मी मुलांना नाशिकच्या नारोशंकराच्या घंटेची गोष्ट सांगितली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, आणि तिथल्या चर्चच्या कित्येक घंटा आपल्याकडच्या देवळांत आल्या. नारोशंकराची घंटा त्या विजयाची खूण म्हणून सांगितली जाते. मुलांना ती गोष्ट फार आवडली.

पण मुले गोष्ट ऐकून सोडून देत नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही तिथल्या मेरीमातेच्या चर्चमध्ये गेलो. विटांचा त्याचा मनोरा ११५ मीटरहून उंच आहे. आत मायकेलअँजेलोने घडविलेली संगमरवरी माता आणि बाळ आहे. त्याच्या हयातीत इटलीबाहेर गेलेली ही त्याची एकमेव मूर्ती मानतात. ब्रूजच्या कापडव्यापाऱ्यांनी ती विकत घेतली. मेरीमातेचे बाळ आपण नेहमी मांडीवर किंवा कडेवर पाहतो. इथे बाळ खाली उभे आहे, आईच्या गुडघ्यांमध्ये, तिचा हात धरून. जणू आता पाऊल टाकून निघणार. आई त्याच्याकडे पाहत नाही, खाली कुठेतरी पाहते आहे. धाकट्याने विचारले, “ती त्याला सोडणार आहे का?” माझ्या लेकीने त्याचा हात घट्ट धरला, बोलली काही नाही.

ही मूर्ती दोनदा पळविली गेली. १७९४ मध्ये फ्रेंच सैन्याने ती नेली, नेपोलियनच्या पराभवानंतर ती परत आली. १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मनांनी ती गाद्यांत गुंडाळून नेली, आणि १९४५ मध्ये ऑस्ट्रियातील एका मिठाच्या खाणीत सापडली. हे ऐकताच थोरली म्हणाली, “यांची मूर्ती परत मिळाली. मग आपल्या नाशिकची घंटा वसईच्या लोकांनी परत नाही मागितली?”

भगिनींनो, मी पुष्कळ वर्षे तो विजय अभिमानाने सांगत आले. आजही सांगेन. पण ज्यांची घंटा गेली त्यांच्या बाजूने तो प्रश्न विचारणारे मला पहिल्यांदाच भेटले, आणि ते सात वर्षांचे होते. तिला द्यायचे उत्तर मी अजून शोधते आहे.

आता खास आपल्यासाठी, म्हणजे बायकांसाठी, एक जागा सांगते. तिचे नाव बेखैनहोफ. फ्लँडर्सची काउंटेस मार्गारेट हिने १२४५ मध्ये ती स्थापिली. हिरवळीभोवती पांढऱ्या भिंतींची घरे, मध्ये उंच झाडे, आणि आम्ही गेलो तेव्हा झाडांखाली पिवळ्या डॅफोडिलची फुले. इथे ‘बेगीन’ नावाच्या स्त्रिया राहत. त्या धर्माचरणी होत्या, पण जोगिणींसारखी जन्माची शपथ त्यांनी घेतलेली नसे. वाटले तर बाहेर पडून लग्न करता येई. स्वतःची मालमत्ता स्वतःकडे राही. लोकर धुणे, सूत कातणे, रोग्यांची शुश्रूषा, मुलींना शिकवणे अशी कामे करून त्या पोट भरीत. तेराव्या शतकात! रात्री मोठे दार बंद होई आणि बायका आपापल्या घरात निर्धास्त झोपत. १९२७ पासून तिथे बेनेडिक्टाइन पंथाच्या जोगिणी राहतात. दारावरच शांत राहण्याची सूचना आहे. मुलांना मी सांगितले, “इथे झाडे किती आवाज करतात ते ऐकायचे.” दहा मिनिटे ती गप्प राहिली. यापेक्षा जास्त अपेक्षा करू नये.

गावात श्रीमंतांनी आणि कारागिरांच्या संघांनी गरीब म्हाताऱ्यांसाठी आणि विधवांसाठी बांधलेली लहान लहान घरेही आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळ घरांत आजही वृद्ध माणसे राहतात. लेसच्या संस्थेत बायका उशीवर टाचण्या टोचून, सूत गुंडाळलेल्या लाकडी काड्या झरझर फिरवीत बसल्या होत्या. थोरली ओरडली, “या तर वेण्या घालताहेत!” खरोखरच, आडवे टाकणे आणि पीळ देणे, एवढ्या दोनच क्रिया. एके काळी याच कामावर गावातल्या गरीब बायकांची आणि अगदी कोवळ्या मुलींचीही गुजराण चाले. मजुरी फार थोडी मिळे. ज्या सुंदर लेसवर आपण भाळतो, तिच्यामागे दुखणारे डोळे आणि वाकलेल्या पाठी आहेत, हेही मुलीला सांगितले.

कोणाला जायचे झाले तर उपयोगी पडतील अशा चार गोष्टी आता सांगते. रस्ते फरसबंदीचे, त्यामुळे बाबागाडीची चाके मोठी आणि भक्कम हवीत. कालव्यांच्या काठाला पुष्कळ ठिकाणी कठडा नाही, असला तर बुटका. लहान मुलाचा हात सोडू नये. सायकली आवाज न करता मागून येतात. नावेची फेरी अर्ध्या तासाची असते. नाव उघडी असते, म्हणून टोपी आणि स्वेटर जवळ ठेवावा. शाकाहारी मंडळींनी विशेष ध्यानात ठेवावे की तिथले प्रसिद्ध बटाट्याचे तळलेले काप परंपरेने गाईबैलाच्या चरबीत तळतात. तेलात तळलेले हवेत असे आधी विचारावे. वाफल्समध्ये अंडे असते. आम्ही बरोबर मेतकूट आणि तांदूळ नेले होते, आणि रोज एक वेळ मऊ भात केला. मुलांची पोटे त्यामुळे ठीक राहिली.

आणि रोज मुलांना मोकळे पळता येईल अशी एक जागा हवीच. गावाभोवती जुन्या तटाचा गवताळ बांध आहे. त्यावर पवनचक्क्या आहेत. त्यांतली एक १७७० साली बांधलेली, अजून दळते. बेखैनहोफजवळ घोड्याच्या तोंडाच्या आकाराचे एक कारंजे आहे, तिथे टांग्याचे घोडे पाणी पितात. धाकट्याला विचाराल तर ब्रूज म्हणजे तेच कारंजे. आम्ही दिवसाला एकच मोठी गोष्ट पाहायची असे ठरविले होते. दुपारी विश्रांती, आणि संध्याकाळी, दिवसापुरते आलेले प्रवासी परतले की मोकळ्या गल्ल्यांतून फिरणे. त्यामुळे पुष्कळ पाहायचे राहिले. राहू दे. गाव आठशे वर्षे थांबले आहे.

आता शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. कुटुंबाच्या प्रवासात एक माणूस काहीच पाहत नाही, आणि ते माणूस बहुधा आई असते. ती पाण्याची बाटली, खाऊचा डबा आणि ओले कपडे पाहते. आमच्याकडे लेक आणि जावई यांनी पहिल्याच रात्री वाटणी केली. रोज दोन तास एकाने मुले सांभाळायची, दुसऱ्याने एकटे हिंडायचे. दुसऱ्या दिवशी उलट. आजीला त्यात धरायचे नाही, आजी स्वखुशीने येईल तेवढी येईल. लेक एकटी सेंट जॉनच्या जुन्या रुग्णालयात गेली. बाराव्या शतकातले ते रुग्णालय, १९७० नंतरपर्यंत तिथे रोगी होते. आता तिथे हान्स मेम्लिंगची चित्रे आहेत. ती परतली ती वेगळीच होऊन. म्हणाली, “आई, सात वर्षांत पहिल्यांदा एखाद्या चित्रापुढे मी कुणाचा हात न धरता उभी राहिले.” माझ्या पिढीत असे कोणी आम्हांला सुचविले नाही, आणि आम्हीही मागितले नाही. तुमच्या लेकीसुनांना मात्र जरूर सुचवा. त्यासाठी ब्रूजला जावे लागत नाही. पन्हाळ्याला किंवा पैठणलाही हा नियम चालेल.

तेव्हा “मुलांना काय आठवणार?” या प्रश्नाचे माझे उत्तर असे. धाकट्याला बहुधा काही आठवणार नाही. थोरलीला पायऱ्या आठवतील, घंटा आठवतील. पण मुलांना आपण भात भरवितो तो काही त्यांनी आठवावा म्हणून नाही. तो अंगी लागतो. जुन्या गोष्टी हात लावून, चढून, विचारून पाहण्याची सवयही तशीच अंगी लागते. ही घरे माणसांनीच बांधली, माणसांनीच लुटली, माणसांनीच परत आणली, हे एकदा त्यांच्या मनात रुजले म्हणजे पुरे. बाकीचे सनावळीचे काम शाळा करील.

 बाहेर चहा तयार आहे असे चिटणीसबाई केव्हापासून खुणावीत आहेत, म्हणून इथेच थांबते.